चार भिंतींतला लॅक्रॉस : एका नियमपुस्तिकेची प्रस्तावना

मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या १४१व्या अधिवेशनात १६ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच खेळांना २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला. आपल्याकडे त्या बातमीचा मथळा क्रिकेटचा झाला आणि ते साहजिकच होते. १९०० नंतर क्रिकेट प्रथमच ऑलिंपिकमध्ये परतत होते. पण त्याच यादीत स्क्वॉश, फ्लॅग फुटबॉल आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल यांच्या जोडीला लॅक्रॉसचेही नाव होते. १९०४ला सेंट लुईमध्ये आणि १९०८ला लंडनमध्ये हा खेळ ऑलिंपिक पदकासाठी खेळला गेला. पुढे १९२८, १९३२ आणि १९४८ला तो केवळ प्रदर्शनापुरता उरला. आता १२० वर्षांनी तो पुन्हा पदकासाठी खेळला जाणार आहे आणि तो निर्णय महाराष्ट्रात, मुंबईत झाला. तरीही या खेळाचे साधे नियम मराठीत सहज हाती लागत नाहीत. ही उणीव थोडी तरी भरून निघावी, म्हणून ही पुस्तिका.

पुस्तिकेचा विषय मुद्दाम मर्यादित ठेवला आहे. लॅक्रॉसचे अनेक प्रकार आहेत. मोठ्या मैदानावरचा दहा-दहा खेळाडूंचा लॅक्रॉस आहे, ऑलिंपिकसाठी निवडलेला सहा-सहा खेळाडूंचा 'सिक्सेस' आहे आणि छपराखाली, चारी बाजूंनी फळ्यांनी बंद केलेल्या जागेत खेळला जाणारा इनडोअर लॅक्रॉस आहे. जगभर या शेवटच्या प्रकाराला बॉक्स लॅक्रॉस म्हणतात. आपण त्याचेच मूलभूत नियम समजून घेणार आहोत. नागपूर–वर्धा लोहमार्गावरच्या सिंदी (रेल्वे)सारख्या गावात, जिथे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जून ते सप्टेंबर काळ्या मातीच्या मैदानात पाऊल रुतते, तिथल्या मुलांच्या दृष्टीने छपराखालचा, कमी जागेतला आणि कमी माणसांतला खेळ जास्त उपयोगाचा आहे.

नियमांची पुस्तके बहुधा कंटाळवाणी वाटतात, कारण त्यांत काय करायचे आणि काय करायचे नाही एवढेच सांगितलेले असते; ते तसे का, हे सांगितलेले नसते. इनडोअर लॅक्रॉसच्या बाबतीत ते 'का' सांगणे फार सोपे आहे. या खेळाचा जवळजवळ प्रत्येक नियम जागेच्या अडचणीतून जन्मला आहे. जागा लहान झाली, भिंती आल्या, माणसे कमी झाली, चेंडूचा वेग मात्र तसाच राहिला. त्यातून जे प्रश्न उभे राहिले, त्यांची उत्तरे म्हणजे हे नियम. एवढे ध्यानात ठेवले तर नियम पाठ करावे लागत नाहीत, ते सुचत जातात. या प्रस्तावनेत मला मुख्यतः हेच दाखवायचे आहे.

आधी खेळाचे साधन पाहू. लॅक्रॉसच्या काठीच्या टोकाला एक तिरकी चौकट असते आणि चौकटीत दोऱ्यांची सैलसर जाळी विणलेली असते. इनडोअर खेळात धावणाऱ्या खेळाडूची काठी साधारण ४० ते ४६ इंच लांब असते. चेंडू भरीव रबराचा, सुमारे २० सेंटिमीटर घेराचा आणि १४५ ग्रॅमच्या जवळपास वजनाचा असतो. चेंडू जाळीत झेलायचा, जाळीतच सांभाळत धावायचे आणि जाळीतूनच फेकायचा. धावणाऱ्या खेळाडूने चेंडूला हात लावायचा नाही, हा या खेळाचा पहिला नियम.

खरी गंमत चेंडू सांभाळण्यात आहे. जाळी सैल असली तरी उघडी असते. काठी स्थिर धरून धावले की चार पावलांत चेंडू बाहेर पडतो. म्हणून खेळाडू धावताना वरच्या हाताचे मनगट सतत आत-बाहेर वळवत राहतो. त्या वळवण्यामुळे चेंडू जाळीच्या तळाशी दाबून बसतो. याला क्रेडलिंग म्हणतात. खालचा हात काठीच्या बुडाशी सैल असतो, त्यातून काठी नुसती फिरते. काम वरच्या हाताचे. जमिनीवर पडलेला चेंडू उचलायचा असेल तर गुडघ्यांत वाकून, काठी जवळजवळ जमिनीला समांतर आणून, जाळीची कड चेंडूखाली घालावी लागते आणि न थांबता पुढे जावे लागते. थांबून, उभ्याने चेंडू टिपायला गेले की तो पुढे ढकलला जातो. नव्या खेळाडूने पहिले काही आठवडे एवढ्या दोनच गोष्टींवर घालवले तरी ते वाया जात नाहीत. खेळाचे नियम कितीही नीट समजले, तरी चेंडू जाळीत टिकत नसेल तर खेळ उभाच राहत नाही.

हा खेळ उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा आहे. विशेषतः आजच्या न्यूयॉर्क राज्याच्या आणि पूर्व कॅनडाच्या परिसरातल्या हौदेनोशौनी राष्ट्रसंघाचा. इंग्रजीत त्यांना पूर्वी इरोक्वॉ म्हणत. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे हा खेळ सृष्टिकर्त्याने दिला आहे. तो त्याच्या आनंदासाठी आणि आजाऱ्यांना बरे वाटावे म्हणून खेळायचा. काठी हिकरीच्या लाकडाची, वाफेवर वाकवून केलेली. मुलगा जन्मला की त्याच्या हाती छोटी काठी द्यायची, अशी रीत त्यांच्यात आहे. या जुन्या खेळाला ना ठरलेले मैदान होते, ना खेळाडूंची ठरलेली संख्या.

मॉन्ट्रियलमध्ये १८५६ला युरोपीय वंशाच्या लोकांनी लॅक्रॉसचा क्लब काढला. तिथल्याच विल्यम जॉर्ज बिअर्स या दंतवैद्याने १८६७च्या सुमारास खेळाचे नियम छापील स्वरूपात आणले : खेळाडू किती, गोल कुठे, चेंडू कसला. नियम लिहिले गेल्यामुळे खेळ गावोगाव पसरला. १८७६ आणि १८८३ला कॅनडातल्या संघांनी ब्रिटनचा दौरा केला; पहिल्या दौऱ्यात राणी व्हिक्टोरियासमोर सामना झाला. त्या दौऱ्यांत काह्नवाके वस्तीतले मोहॉक खेळाडूही होते. पण ज्यांचा खेळ, त्यांनाच १८८०मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय संघटनेने स्पर्धांच्या बाहेर ठेवले. कारण दिले ते हौशीपणाचे : प्रवास आणि मजुरी बुडण्याच्या बदल्यात पैसे घेणारा खेळाडू हौशी नाही. ज्यांना मजुरी बुडवून फुकट खेळणे परवडत नव्हते, ते आपोआप दाराबाहेर गेले. नियम लिहिताना जो अन्याय होऊ शकतो, त्याचे हे ठळक उदाहरण आहे. नियमपुस्तिकेच्या प्रस्तावनेत ते सांगायलाच हवे, कारण नियम कोणासाठी आणि कोणाला वगळून लिहिले जातात, हा प्रश्न कोणत्याही खेळात उद्भवू शकतो.

इनडोअर प्रकाराचा जन्म धार्मिक नाही, व्यावहारिक आहे. कॅनडात आइस हॉकीची मोठी बंदिस्त क्रीडागृहे उन्हाळ्यात रिकामी पडून राहत. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या हॉकी संघाचे मालक जोसेफ कॅटरिनिच आणि लिओ डँड्युरँड यांच्या पुढाकाराने १९३१ला तिथे लॅक्रॉस सुरू झाला. बर्फ वितळल्यावर उरलेल्या काँक्रीटच्या जमिनीवर, भोवतीच्या फळ्या तशाच ठेवून खेळ मांडला गेला. मॉन्ट्रियलचे दोन, टोरोंटोचा एक आणि कॉर्नवॉलचा एक असे चार संघ त्या पहिल्या व्यावसायिक लीगमध्ये होते. लीग फार टिकली नाही, पण खेळ टिकला. काही वर्षांतच कॅनडात मोकळ्या मैदानावरचा लॅक्रॉस मागे पडला आणि बंदिस्त लॅक्रॉस हाच तिथला मुख्य प्रकार झाला. १९९४ला कॅनडाच्या संसदेने कायदा करून लॅक्रॉसला उन्हाळी राष्ट्रीय खेळाचा दर्जा दिला. विशेष म्हणजे हौदेनोशौनी खेळाडूंनी हा नवा प्रकार मनापासून आपलासा केला. पुढे चित्रपट आणि दूरदर्शन मालिकांत 'टोंटो'च्या भूमिकेने प्रसिद्ध झालेले जे सिल्व्हरहील्स तरुणपणी याच खेळातले नामवंत खेळाडू होते. आइस हॉकीचा महान खेळाडू वेन ग्रेट्झ्कीही लहानपणी बॉक्स लॅक्रॉस खेळत असे.

आता नियमांकडे वळू आणि प्रत्येक वेळी जागेचा प्रश्न आधी विचारू.

पहिला प्रश्न : माणसे किती? मैदानी लॅक्रॉस ११० यार्ड लांब आणि ६० यार्ड रुंद जागेत, प्रत्येकी दहा खेळाडूंनी खेळतात. इनडोअर रिंगण साधारण १८० ते २०० फूट लांब आणि ८० ते ९० फूट रुंद असते. एवढ्या जागेत वीस माणसे धावली तर नुसती टक्कर होईल. म्हणून एका बाजूला पाच धावणारे आणि एक गोलरक्षक, असे सहाच जण. पण सहाच जणांनी अखंड धावणे शक्य नाही. म्हणून संघात वीसच्या आसपास खेळाडू असतात आणि खेळ न थांबवता, चालू खेळातच बदली करायची मुभा असते. एक खेळाडू बाकाजवळ आला की दुसरा आत उतरतो. आत एका वेळी ठरलेल्यापेक्षा जास्त माणसे दिसली की शिक्षा.

दुसरा प्रश्न : चेंडू बाहेर गेला तर? बंदिस्त खेळाचे उत्तर असे की तो सहसा बाहेर जातच नाही. भोवतीच्या फळ्यांना लागून परत आलेला चेंडू खेळातच असतो. त्यामुळे फळी हे एक साधन होते. चेंडू मुद्दाम फळीवर मारून दुसऱ्या बाजूच्या सहकाऱ्याला देता येतो. फळीवरून पार बाहेर गेला, तरच खेळ थांबतो आणि चेंडू दुसऱ्या संघाला मिळतो. याच कारणाने इनडोअर सामन्यात खोळंबा फार कमी असतो.

तिसरा प्रश्न : गोल किती मोठा? मैदानी लॅक्रॉसचा गोल सहा फूट बाय सहा फूट. तेवढाच इनडोअरला ठेवला तर इतक्या जवळून प्रत्येक फटका आत जाईल. म्हणून गोल लहान : चार फूट उंच आणि चार ते पावणेपाच फुटांच्या दरम्यान रुंद, स्पर्धेप्रमाणे थोडा फरक. त्यातही जाड संरक्षक कपड्यांतला गोलरक्षक बहुतेक गोल झाकून टाकतो. त्यामुळे इनडोअर खेळाडूला ताकदीपेक्षा नेम लागतो. गोलरक्षकाच्या खांद्यावरची मूठभर फट, काखेखालची जागा, खांबाजवळचा कोपरा, तिथेच चेंडू जाऊ शकतो. बंदिस्त लॅक्रॉसमध्ये तयार झालेल्या कॅनडाच्या खेळाडूंचा हात गोलासमोर इतका सफाईदार का असतो, याचे उत्तर या लहान गोलात आहे.

चौथा प्रश्न : गोलरक्षकाला कोण सांभाळणार? गोलाभोवती साधारण नऊ फूट त्रिज्येची एक रेषा आखलेली असते, तिला क्रीज म्हणतात. आक्रमक खेळाडूचा पाय क्रीजमध्ये पडला आणि मग चेंडू गोलात गेला, तर तो गोल धरत नाहीत. क्रीजमधल्या गोलरक्षकाला धक्का द्यायचा नाही. चेंडू हाताने अडवायचा किंवा बाजूला टोलवायचा अधिकार फक्त त्याला, तोही फक्त क्रीजमध्ये. हातात धरून ठेवायचा अधिकार त्यालाही नाही. पण संरक्षणाबरोबर बंधनही आहे. क्रीजमध्ये चेंडू ताब्यात आला की गोलरक्षकाने तो पाच सेकंदांत बाहेर काढायचा, आणि एकदा बाहेर गेलेला चेंडू आपल्याच संघाने पुन्हा क्रीजमध्ये आणून लपायचे नाही. नाहीतर क्रीज हा वेळ काढायचा कोपरा झाला असता.

क्रीजचा नियम जवळून पाहण्यासारखा आहे, कारण पंचाच्या डोळ्यांची खरी कसोटी तिथे लागते. आक्रमक खेळाडू बाजूने वेगाने येतो, गोलासमोर हवेत झेपावतो, अंग क्रीजच्या वर असते, पाय अजून जमिनीला लागलेले नसतात आणि त्याच क्षणी चेंडू जाळीतून सुटतो. पाय आधी टेकला की चेंडू आधी गोलरेषेपार गेला? पाव सेकंदाचा निवाडा. चेंडू गोलरेषेच्या पूर्ण पलीकडे गेला पाहिजे, रेषेवर टेकून थांबला तर गोल नाही. नव्या पंचाने पहिल्या दिवसापासून चेंडूकडे न पाहता क्रीजच्या रेषेकडे आणि खेळाडूच्या पायांकडे पाहायची सवय लावून घ्यावी.

पाचवा प्रश्न : वेळ कोणी काढू लागले तर? लहान जागेत, चेंडू जाळीत घेऊन पाच जणांनी आपसांत फिरवत ठेवला तर समोरच्या संघाला तो मिळवणे अवघड. म्हणून ३० सेकंदांचे घड्याळ. चेंडू ताब्यात आल्यापासून ३० सेकंदांत गोलावर फटका मारलाच पाहिजे. तो गोलरक्षकाला किंवा गोलखांबाला लागला, तरच घड्याळ नव्याने सुरू होते. बाहेरून गेलेला फटका धरत नाहीत. शिवाय चेंडू आपल्या अर्ध्या भागातून पुढच्या अर्ध्यात ठराविक सेकंदांत न्यावा लागतो, कॅनडात परंपरेने दहा, आणि एकदा मधली रेषा ओलांडली की मागे आणता येत नाही. हा नियम आपल्या मुलांना समजावणे अगदी सोपे आहे. कबड्डीत १३ बाय १० मीटरच्या पटात सात जणांसमोर चढाई करणाऱ्याला ३० सेकंदच मिळतात. तेवढ्यात गुण आणायचा किंवा रिकाम्या हाताने परतायचे. कबड्डीच्या पटावर वाढलेल्या मुलाला लॅक्रॉसचे घड्याळ नवीन वाटणार नाही. घाईत चूक न करता निर्णय घेणे ही दोन्ही खेळांची परीक्षा आहे.

सहावा प्रश्न : धक्काबुक्कीचे काय? इनडोअर लॅक्रॉस हा अंगाला अंग भिडणारा खेळ आहे आणि हे लपवून उपयोग नाही. चेंडू ज्याच्या ताब्यात आहे, त्याला समोरून किंवा बाजूने, कंबरेच्या वर आणि खांद्याच्या खाली, दोन्ही हातांत आडव्या धरलेल्या काठीने ढकलून थोपवता येते. मैदानी खेळात हे चालत नाही. बंदिस्त जागेत, जिथे आक्रमकाला अडवायला मोकळी जागाच उरत नाही, तिथे एवढी मुभा दिली गेली. पण मुभेच्या चारी बाजूंना कुंपण आहे. मागून ढकलणे, डोक्यावर किंवा मानेवर मारणे, काठीने सपकन मारणे, पायात काठी घालून पाडणे, खेळाडूला फळीवर आपटणे, चेंडू ज्याच्याकडे नाही अशाला मारणे, हे सगळे अपराध. साध्या अपराधाला दोन मिनिटे बाहेर बसायचे. तेवढा वेळ संघ एका खेळाडूने कमी खेळतो आणि त्या काळात विरुद्ध संघाने गोल केला की शिक्षा संपते. गंभीर अपराधाला पाच मिनिटे. अगदी वाईट वागणुकीला सामन्यातून हकालपट्टी.

उरलेले नियम थोडक्यात. सामना आंतरराष्ट्रीय पातळीवर १५-१५ मिनिटांच्या चार भागांत, कॅनडाच्या अनेक स्पर्धांत २०-२० मिनिटांच्या तीन भागांत होतो. प्रत्येक भागाची सुरुवात आणि प्रत्येक गोलानंतरची सुरुवात मध्यभागी फेस-ऑफने होते : दोन खेळाडू समोरासमोर वाकून काठ्या जमिनीवर टेकवतात, मध्ये चेंडू असतो, शिट्टी झाली की ज्याला तो ओढून घेता येईल त्याचा. प्रत्येक गोलाला एकच गुण. आक्रमकाने पायाने लाथाडून केलेला गोल मोजत नाहीत. बरोबरी झाली तर जादा वेळ. या प्रत्येक नियमाचे तपशील पुढील प्रकरणांत आकृत्यांसह दिले आहेत.

ऑलिंपिकचा सिक्सेस प्रकार यापेक्षा कसा वेगळा, हा प्रश्न विद्यार्थी नक्की विचारतील. तो ७० बाय ३६ मीटरच्या मोकळ्या मैदानावर, फळ्यांशिवाय, आठ-आठ मिनिटांच्या चार भागांत खेळतात. एका बाजूला सहा खेळाडू आणि ३० सेकंदांचे घड्याळ, ही दोन्ही वैशिष्ट्ये बॉक्स लॅक्रॉसशी जुळतात. संघात बारा जण. गोल झाल्यावर मध्यावर फेस-ऑफ होत नाही. ज्याने गोल खाल्ला तो गोलरक्षकच लगेच खेळ सुरू करतो. म्हणजे इनडोअर लॅक्रॉसचे नियम ज्याला कळले, त्याला ऑलिंपिकचा सामना पाहताना फारसे अडणार नाही.

बॉक्स लॅक्रॉसची जागतिक पुरुष स्पर्धा २००३ला कॅनडात सुरू झाली. त्यानंतर २००७ला हॅलिफॅक्स, २०११ला प्राग, २०१५ला ओनोन्डागा, २०१९ला लँगली. या पाचही वेळा कॅनडा जिंकला आणि पाचही वेळा अंतिम सामन्यात समोर हौदेनोशौनी संघ होता. १८८०मध्ये ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांचा संघ पाचही वेळा जगात दुसरा ठरला. २०१५ची स्पर्धा तर त्यांच्याच ओनोन्डागा भूमीवर झाली; मूळ रहिवाशांच्या राष्ट्राने जागतिक स्पर्धा भरवण्याची ती पहिलीच वेळ. २०१०ला मात्र त्यांचा मैदानी संघ मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेला पोहोचू शकला नाही, कारण ब्रिटनने त्यांच्या राष्ट्राचे पारपत्र मानले नाही. २०२८च्या ऑलिंपिकमध्ये त्यांना स्वतःच्या झेंड्याखाली खेळू द्यावे, अशी जाहीर मागणी अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी डिसेंबर २०२३मध्ये केली. ज्यांनी खेळ दिला त्यांना त्या खेळात जागा मिळणे, ही मला खेळाच्या नियमांइतकीच महत्त्वाची गोष्ट वाटते. शाळेत लॅक्रॉस शिकवताना शिक्षकांनी हा इतिहासही सांगावा.

नियम लिहून खेळ वाढवण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ला खो-खोचे नियम बांधले. त्याच वर्षी अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापले आणि १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या चमूने आपले देशी खेळ जगासमोर करून दाखवले. हुतूतूपासून कबड्डीपर्यंतचा प्रवास नियमांच्या कागदावरूनच झाला. विदर्भातून खेळ बाहेर नेले गेले, तसा बाहेरचा खेळ विदर्भात आणायलाही हरकत नाही. अट एवढीच की तो आपल्या भाषेत, नीट समजून आणावा. कबड्डी आणि खो-खो यांच्या जागी लॅक्रॉस आणा, असे मी अजिबात म्हणत नाही. ते खेळ आमच्या मुलांच्या पायांत आहेत आणि तिथेच राहावेत. पण ज्या मुलाचे पाय चपळ आहेत आणि ज्याच्या हाताला काम हवे आहे, त्याच्यासाठी आणखी एक खेळ असायला हवा.

सिंदीसारख्या गावात याची सुरुवात कशी करावी, याबद्दल माझ्या काही ठाम सूचना आहेत. पूर्ण आकाराचे रिंगण इथे मिळणार नाही. त्याची वाट पाहू नये. २८ बाय १५ मीटरचे बास्केटबॉलचे काँक्रीटचे मैदान किंवा शाळेचे मोठे सभागृह पुरते. तिथे तीन विरुद्ध तीन आणि एकेक गोलरक्षक असा खेळ चांगला बसतो. मोठ्या बंदिस्त मैदानाचा अनुभव हवा असेल तर नागपूरला मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलाशी बोलणी करता येतील. पहिले वर्ष धक्क्याचा नियम पूर्ण बंद ठेवावा. क्वेबेकमध्ये घडलेला इंटरक्रॉस नावाचा शालेय प्रकार याच तत्त्वावर आहे : पोकळ, मऊ चेंडू, प्लास्टिकच्या जाळीची काठी, अंगाला स्पर्श नाही, मुले-मुली एकत्र. आपल्याकडच्या शाळांना तोच सगळ्यात सोयीचा. भरीव रबरी चेंडू आणि अंगाला भिडणारा खेळ तेव्हाच, जेव्हा शिरस्त्राण, चेहऱ्याची जाळी, हातमोजे, खांदे-बरगड्यांचे कवच आणि दातांचे रक्षक प्रत्येक मुलाकडे असतील. अव्वल खेळाडूंचा फटका ताशी १५० किलोमीटरच्या पुढे जातो. त्या चेंडूसमोर पुस्तकातले धाडस चालत नाही. साहित्य अपुरे असेल तर कमी मुले खेळवावीत, पण उघड्या डोक्याने कोणालाही उतरवू नये. या एका बाबतीत तडजोड नको.

गावाच्या बाजूने एक गोष्ट भक्कम आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी नंदी सजवून बाहेर पडतात तो सिंदीचा तान्हा पोळा जिल्ह्याबाहेरही ओळखला जातो. त्या दिवशी मोठ्यांचा सगळा उत्साह मुलांच्या मागे उभा राहतो. मुलांसाठी एकत्र यायची ज्या गावाला सवय आहे, तिथे मुलांच्या नव्या खेळाला पाठबळ मिळायला वेळ लागू नये.

मुलींच्या बाबतीत वेगळे लिहायची खरे तर गरज पडू नये, तरी लिहितो. बॉक्स लॅक्रॉस फार वर्षे पुरुषांचाच खेळ मानला गेला. २०२४ला न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका इथे जागतिक बॉक्स स्पर्धेत पहिल्यांदा महिलांचा गट भरला. आपण हा खेळ आज नव्याने सुरू करतो आहोत, तर ती जुनी चूक पुन्हा करायचे काही कारण नाही. पहिल्या दिवसापासून मुलींच्या हाती काठी द्यावी. वगळून सुरू झालेला खेळ पुढे दुरुस्त करायला शंभर वर्षे लागतात, हे लॅक्रॉसच्याच इतिहासाने दाखवले आहे.

पुस्तिकेची रचना अशी आहे : जागा, माणसे, साहित्य, वेळ, क्रीज, अपराध आणि शेवटी पंचांच्या खुणा. प्रत्येक नियमाखाली त्याचे कारण एका-दोन वाक्यांत दिले आहे. शिक्षकांनी ते कारण आधी विचारावे, नियम नंतर सांगावा. 'चेंडू क्रीजमध्ये परत नेता आला असता तर काय झाले असते?' असे विचारले तर मुले नियम स्वतःच शोधून काढतील. पंच होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला ही पुस्तिका खेळाडूइतकीच उपयोगी पडेल, आणि गावात चांगला पंच तयार झाल्याशिवाय कोणताही खेळ रुजत नाही. स्पर्धेसाठी मात्र त्या त्या वर्षीचे अधिकृत नियम पाहावेत, कारण मापे आणि सेकंद अधूनमधून बदलतात. त्यामागची कारणे सहसा बदलत नाहीत.

शारीरिक शिक्षणाच्या सर्व शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती : ही पुस्तिका कपाटात ठेवू नका. सभागृहात दोन गोल आखा, मऊ चेंडू घ्या, सहा मुले आणि सहा मुली उभ्या करा, आणि पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करा.

सिंदी (रेल्वे), जिल्हा वर्धा